पॅनेल उन्हात हवं, वापरणारा सावलीत: रोजच्या वापराची सौर उपकरणं कशी निवडावीत?

प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडला चौथ्या मजल्यावर फ्लॅट, दक्षिणेला बाल्कनी, गच्ची सोसायटीची. जाहिरातींत सोलर पॉवर बँक, सोलर बॅग, पंख्याची टोपी, सोलर दिवे, सोलर कुकर असं बरंच दिसतं. त्यातलं टिकणारं काय आणि पैसे वाया घालवणारं काय? मुलगा नववीत आहे, त्याला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी यातलंच काही करायचं आहे. सासू-सासरे वेल्ह्याकडे गावी असतात, पावसाळ्यात तिथे वीज सारखी जाते. त्यांच्यासाठीही काही सुचवा.

ताई, सौर उपकरणं जोडणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम. लोक बंद पडलेल्या वस्तू घेऊन येतात, त्या उघडून बघता बघता माझं एक मत पक्कं झालं आहे. माणसाला सावली हवी असते आणि पॅनेलला ऊन. ज्या वस्तूत हे दोघं एकमेकांना बांधलेले असतात, ती वस्तू थोड्याच दिवसांत कपाटात जाते. ज्या वस्तूत पॅनेल एका जागी उन्हात राहतं आणि वीज वायरीतून किंवा बॅटरीतून तुमच्यापर्यंत येते, ती वर्षानुवर्षं चालते.

सोलर पॉवर बँकेचंच बघा. स्वच्छ दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. चांगलं सिलिकॉन पॅनेल त्यातल्या सुमारे २० टक्के उन्हाची वीज करतं. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरमागे ०.०२ वॅट. म्हणून पॅनेलची लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा आणि ५० ने भागा. येईल तो आकडा म्हणजे त्या पॅनेलची जास्तीत जास्त वॅट. पॉवर बँकेवरचं पॅनेल ७ बाय १४ सेंटिमीटरचं, म्हणजे फार तर २ वॅट, प्रत्यक्षात दीड. पुण्यातल्या चांगल्या दिवशी भर उन्हाइतके सुमारे ५ तास हाती लागतात. दिवसाला सात-साडेसात वॅट-तास (एक वॅट तासभर मिळाला की एक वॅट-तास) मिळाले, त्यातले थोडे चार्जिंगमध्येच गेले. २०,००० मिलिअँपिअर-तासांची बँक भरायला ७४ वॅट-तास लागतात. नुसत्या उन्हावर ती भरायला दोन आठवडे जातील. आडातच नाही तर पोहऱ्यात येणार कुठून?

आणि ते दोन आठवडे ती बँक उन्हात तापत पडलेली असते. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं बहुतेक उत्पादक स्वतःच लिहितात. एप्रिलच्या उन्हात काळी वस्तू ६० अंशांपर्यंत सहज तापते, आणि गाडीच्या काचेमागे ठेवली तर त्याहून जास्त. पॅनेलला जे हवं तेच बॅटरीला मारतं, आणि दोन्ही एकाच डबीत कोंबलेले असतात. सोलर बॅगेचा प्रकार हाच. राजगड किंवा हरिश्चंद्रगडाच्या दोन दिवसांच्या ट्रेकला घरून भरलेली साधी १०,००० ची पॉवर बँक पुरते. जंगलातल्या वाटेवर पाठीवरच्या पॅनेलवर ऊन पडतच नाही. हिमालयात आठवडाभराचा ट्रेक असेल तर घडीचं २० वॅटचं पॅनेल न्यावं, मुक्कामाला उन्हात पसरावं आणि बँक मात्र त्याच्याखाली सावलीत ठेवावी.

ही ५० ने भागायची रीत कायम लक्षात ठेवा. ऑनलाइन मिळणाऱ्या दिव्यांवर '२०० वॅट' छापलेलं असतं आणि पॅनेल असतं २० बाय ३० सेंटिमीटरचं. ते १२ वॅटच्या वर जाऊच शकत नाही. दिवा वाईट असेल असं नाही, पण छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून भाव देऊ नका.

पॅनेल वस्तूवरच असूनही उत्तम चालणाऱ्या वस्तूही आहेत, आणि त्या मला मनापासून आवडतात. कॅल्क्युलेटर आणि घड्याळ. सिटिझनने प्रकाशावर चालणारं काट्याचं घड्याळ १९७६ मध्ये आणलं, आणि आजही ती जात जोमात आहे. कारण या वस्तूंची भूक इतकी कमी की खोलीतला उजेडही पुरतो. दुपारच्या उन्हाचा उजेड सुमारे एक लाख लक्स (लक्स हे उजेडाचं माप) असतो, घरातल्या ट्यूबलाइटखाली तो काहीशे लक्सच असतो. एवढ्याशा उजेडात चांगलं काम करणारं अमॉर्फस सिलिकॉन कॅल्क्युलेटरमध्ये वापरतात. २०२१ पासून सॅमसंगच्या टीव्हीबरोबर मागे पॅनेल असलेला रिमोटही येतो. तोही याच हिशेबात बसतो. असं घड्याळ घ्यायचं असेल तर बिनधास्त घ्या. फक्त ते महिनोन् महिने बंद खणात ठेवू नका.

पंख्याच्या टोपीबद्दल तुम्ही साशंक दिसता, पण तिचा विचार बरोबर आहे. ऊन असतं तेव्हाच वारा हवा असतो, त्यामुळे बॅटरीची गरजच नाही. पॅनेल थेट मोटरला. बॅटरी नसलेलं सौर उपकरण सगळ्यात कमी बिघडतं. मोटर खेळण्यातली असते, वारा बेताचा येतो, एवढं धरून घ्या.

हाच प्रश्न मोटारीच्या बाबतीतही विचारतात, कारण सोलर छपराची छोटी विजेची गाडी 'ईव्हा' ही आपल्या पुण्याच्याच वायवे मोबिलिटीने २०२३ च्या ऑटो एक्स्पोमध्ये दाखवली. छपरामुळे वर्षाला ३००० किलोमीटरपर्यंत जास्तीचं अंतर मिळेल असं कंपनी सांगते. म्हणजे दिवसाला आठ-दहा किलोमीटर. गाडी हलकी आणि लहान असली तर हे गणित जमण्यासारखं आहे. पण त्यासाठी गाडी दिवसभर उघड्यावर उभी राहायला हवी, आणि आपण तर सोसायटीत स्टिल्ट पार्किंगसाठी भांडतो. मुख्य चार्जिंग प्लगवरच होणार, ऊन वरकड.

आता तुमची बाल्कनी. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण यातच बहुतेकांचा अंदाज चुकतो. 'दक्षिणेची बाल्कनी, म्हणजे सोलरला उत्तम' हे अर्धंच खरं आहे. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, ऊन बाल्कनीत आतपर्यंत येतं. मेच्या मध्यावर तो बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. वरच्या मजल्याचा स्लॅब तुमच्या कठड्यावर सावली धरतो. मे महिन्यातलं सकाळ-संध्याकाळचं ऊनही ईशान्य-वायव्येकडून येतं, दक्षिणेच्या भिंतीला ते लागत नाही. म्हणजे तुमच्या बाल्कनीला ऑक्टोबर ते मार्चच्या सुमारापर्यंत छान ऊन आणि पुढे नुसता उजेड. वीज जाते, पंखा हवासा वाटतो, नेमक्या त्याच महिन्यांत ऊन नाही. हे ठाऊक असूनही बाल्कनीत पॅनेल लावायला हरकत नाही. दसऱ्यापासून होळीपर्यंतचं यंत्र म्हणून लावा. कबुतरांच्या जाळीच्या आत लावू नका. कठड्याला बाहेरून लावाल तर स्टीलच्या पट्ट्यांनी आणि नट-बोल्टने आवळा, प्लॅस्टिकच्या टायने नाही. खाली माणसं चालत असतात.

माझा सल्ला असा, की सोसायटीकडे गच्चीवर एका लहान पॅनेलपुरती जागा लेखी मागा. ५० वॅटचं पॅनेल साधारण दोन फूट बाय पावणेदोन फुटांचं असतं. दक्षिणेकडे तोंड आणि जवळपास २० अंशांचा कल, एवढं पुरे. तिथून ४ चौरस मिलिमीटरची, उन्हाला टिकणारी सोलर वायर डक्टमधून घरापर्यंत आणा. घरात चार्ज कंट्रोलर (बॅटरी बेताने भरणारी डबी) आणि १२.८ व्होल्ट, १२ अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ठेवा. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला लागूनच फ्यूज हवाच. दुकानदार 'गरज नाही' म्हणाला तरी घालून घ्या. लेड-अॅसिड बॅटरी स्वस्त पडते, पण तिची निम्मीच साठवण वापरायची असते आणि ती लवकर दमते. फॉस्फेटची बॅटरी नीट वापरली तर हजारो वेळा भरता-रिकामी करता येते.

यातून काय मिळेल? चांगल्या दिवशी तूट वजा करून दीडशेच्या आसपास वॅट-तास. त्यात दोन फोन भरतात, सुमारे ४० वॅट-तास. वायफायचा राउटर १० वॅट घेतो असं धरलं तर आठ तासांचे ८०. वर तीन वॅटचा एलईडी दिवा रात्रभर. किंवा हे सगळं सोडून १२ व्होल्टचा, २५ वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा पाच-सहा तास. सगळं एकदम नाही मिळणार, निवड करावी लागेल. जुलै-ऑगस्टमध्ये याच्या निम्मंच धरा, झडीच्या दिवसांत त्याहून कमी. घरून काम करणाऱ्यांना मी राउटरच निवडायला सांगतो. वीज गेल्यावर चालू राहिलेलं इंटरनेट ही आज शहरातल्या घराला सगळ्यात उपयोगी पडणारी सौर सोय आहे. बहुतेक राउटर १२ व्होल्ट डीसीवरच चालतात, त्यामुळे मध्ये इन्व्हर्टर घालू नका. लहान इन्व्हर्टर काहीच जोडलेलं नसतानाही पाच-दहा वॅट पिऊन बसतो. पण राउटर बॅटरीला थेटही लावू नका, कारण चार्ज होताना तिचा दाब १४ व्होल्टच्या वर जातो. मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा छोटा डीसी कन्व्हर्टर बसवा. हे सगळं सामान बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळतं. पॅनेल घेताना अॅल्युमिनियमच्या चौकटीचं, काचेचंच घ्या. वर नुसता इपॉक्सीचा थर दिलेली पॅनेलं दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळी पडतात.

एक गोष्ट मात्र करू नका. पॅनेलला जोडून घरातल्या प्लगमध्ये खोचायचे छोटे इन्व्हर्टर ऑनलाइन मिळतात. जर्मनीत बाल्कनीसाठी ८०० वॅटपर्यंत अशी सोय कायद्याने दिली आहे, म्हणून इथले लोकही मागवतात. आपल्याकडे ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या लाइनला, जोडायचं तर त्यांची परवानगी आणि आत येणारी व बाहेर जाणारी वीज वेगवेगळी मोजणारं नेट मीटर लागतं. ते नसताना बाहेर गेलेली वीज काही मीटर वापर म्हणूनच मोजतात, आणि इन्व्हर्टर हलक्या दर्जाचा असेल तर वीज गेल्यावरही तो लाइनमध्ये वीज सोडत राहू शकतो, आणि लाइन बंद करून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवाशी खेळ होतो.

ग्रिडला जोडायची हौस असेल तर ती सोसायटीने मिळून करावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्यावर ७८,००० रुपये अनुदान आहे; गृहनिर्माण सोसायट्यांना सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,०००. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचं बिल त्यातून बरंच उतरतं. हा विषय वार्षिक सभेत मांडा.

सोलर दिव्यांचं थोडक्यात सांगतो. कुंडीत खोचायचे दिवे एका एए आकाराच्या १.२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. त्यातली युक्ती सुंदर आहे: अंधार पडला की पॅनेलचा दाब शून्याकडे जातो, आतली चार पायांची चिप तेवढ्यावरून रात्र ओळखते आणि दिवा लावते. वेगळा सेन्सर लागतच नाही. वर्ष-दोन वर्षांनी दिवा मंदावतो आणि लोक तो फेकून देतात. पॅनेल आणि दिवा ठणठणीत असतात, फक्त बॅटरी मेलेली असते. त्याच प्रकारची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी घाला, दिवा पुन्हा चालू होतो. फेकण्याआधी एवढं कराच, ही माझी कळकळीची विनंती. जिन्यात किंवा पार्किंगमध्ये माणूस आला की उजळणारा पीआयआर सेन्सरचा दिवा घ्यावा. रात्रीत मोजकी मिनिटंच पूर्ण उजेड द्यायचा असल्याने लहान पॅनेलही त्याला पुरतं.

आता माझा सगळ्यात आवडता विषय, उष्णता. उन्हाची वीज करताना चार-पंचमांश ऊन हातचं जातं. उष्णताच हवी असेल तर निम्म्याहून अधिक कामी लागतं. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साडेचार युनिटांहून थोडी जास्त वीज लागते. १ किलोवॉटची पॅनेलं (५० च्या रीतीने पाच चौरस मीटरची) पुण्यात दिवसभर राबून सरासरी चारेक युनिट देतात. तेच काम गच्चीवरचा २ चौरस मीटरचा सोलर हीटर करतो. तुमच्या सोसायटीत तो असेल आणि गरम पाणी येत नसेल, तर आधी तो दुरुस्त करा, गॅजेट नंतर. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर तांब्याच्या नळ्यांच्या सपाट कलेक्टरमध्ये क्षार साचतो. तिथे काचेच्या नळ्यांचा हीटर बरा.

आणि पेटीचा सोलर कुकर. ही कल्पना नवी नाही. मुंबईत नोकरी करणाऱ्या विल्यम अॅडम्स या इंग्रजाने आरशांचा सौर चुलाणा करून त्यावर सैनिकांचं जेवण शिजवलं होतं, आणि १८७८ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. आजची पेटी म्हणजे आतून काळी, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा. सकाळी दहाच्या सुमाराला काळ्या डब्यांत वरण-भात लावला की एकपर्यंत तयार. पाणी नेहमीपेक्षा कमी घालायचं, कारण वाफ फारशी जात नाही. अर्ध्या-पाऊण तासाने पेटी सूर्याकडे फिरवली तर लवकर होतं, नाही फिरवली तरी होतं. पुरणाची डाळ, रताळी, बीट, उसळीचं कडधान्य, सगळं मऊ शिजतं. शेंगदाणे तर इतके एकसारखे भाजले जातात की कढईत ते जमत नाही. करपण्याची भीती नाही, लक्ष ठेवायला नको. फोडणी, पोळी, भाकरी मात्र यावर नाही. सकाळी आठला डबा घेऊन बाहेर पडणाऱ्यांना याचा उपयोग सुट्टीच्या दिवशीच, हेही खरं. पण घरात दुपारी कोणी असेल आणि गच्चीची किल्ली मिळत असेल, तर ऑक्टोबर ते मे हा कुकर गॅस नक्की वाचवतो. याच्यातच जाळी आणि हवेला वाट ठेवली की वाळवणाची पेटी होते. सांडगे, कैरीच्या फोडी, कढीपत्ता धूळ न बसता वाळतात. आपल्याकडच्याच एस४एस या कंपनीने शेतमाल वाळवणारे सोलर ड्रायर गावातल्या बायकांच्या हाती दिले, आणि २०२३ मध्ये त्यांना पर्यावरणाच्या कामासाठी दिला जाणारा अर्थशॉट पुरस्कार मिळाला.

गावाकडे सासू-सासऱ्यांसाठी फार हुशार काही नको. पत्र्यावर किंवा कौलांवर घट्ट बसवलेलं ४० ते ५० वॅटचं पॅनेल, तीच फॉस्फेटची बॅटरी, तीन-चार एलईडी दिवे आणि फोन चार्जिंगची जागा. तिकडचा पाऊस कोथरूडसारखा नसतो. जुलैत सलग ढग असतात, म्हणून पॅनेल गरजेच्या दुप्पट आणि बॅटरी निदान दोन रात्री पुरेल अशी धरा. एक दिवा गोठ्याकडे द्या. जिना किंवा ओटा उतरताना हातात धरायला वेगळा सोलर कंदील द्यायचा असेल तर ज्याचं पॅनेल सुटं, वायरीने जोडायचं आहे तोच घ्या, म्हणजे पॅनेल बाहेर आणि कंदील घरात राहील.

रानडुकरांचा त्रास असेल तर ते झटका मशीनबद्दल विचारतील. सोलरवरचं चांगलं झटका मशीन कुंपणात साधारण सेकंदाला एकदा, सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरता झटका सोडतं. जनावर दचकून मागे जातं, मरत नाही. मात्र घरातल्या विजेची तार थेट कुंपणाला जोडणं हा गुन्हा आहे आणि त्याने माणसं मेली आहेत. कोणी 'तात्पुरतं' म्हणून सुचवलं तरी सासऱ्यांना निक्षून नाही सांगा. मशीन मानकाप्रमाणे असल्याची खूण, नीट केलेलं अर्थिंग आणि कुंपणावर दिसेलशी धोक्याची पाटी, या तिन्ही गोष्टी बघून घ्या.

मुलासाठी मात्र विकतचं सोलर खेळणं आणू नका. ६ व्होल्टचं छोटं पॅनेल आणि साधा मल्टिमीटर आणा. पॅनेलच्या दोन टोकांना मीटर करंटवर लावून सकाळपासून संध्याकाळपर्यंत तासातासाला नोंद घेऊ दे. एवढ्या लहान पॅनेलला असं थेट जोडण्यात धोका नाही, पण बॅटरीला कधीही करंटवर मीटर लावायचं नाही, हे त्याला आधी बजावा. मग पॅनेल आडवं, २० अंशांवर आणि उभं ठेवून फरक बघू दे. काचेच्या आत आणि बाहेर. धूळ असताना आणि पुसल्यावर. अशा पॅनेलवर साधारण बारा सेल, म्हणजे वीज करणाऱ्या पट्ट्या, असतात; शेवटी त्यातल्या एका सेलवर काळा कागद ठेवायला सांगा. झाकला फक्त बारावा भाग, पण करंट जवळजवळ संपतो, कारण सगळे सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि झाकलेला सेल सगळ्यांची वाट अडवतो. मोठ्या पॅनेलमध्ये यावर उपाय म्हणून झाकलेल्या सेलना वळसा घालून करंट नेणारे बायपास डायोड असतात, लहानात नसतात. १९५४ मध्ये बेल लॅबने दाखवलेला सेल सुमारे ६ टक्के उन्हाची वीज करत होता. आपलं पॅनेल किती टक्के करतं, हे त्याने लांबी-रुंदी आणि मीटरवरून स्वतः काढावं आणि तक्त्यात मांडावं. या टक्केवारीसाठी मात्र व्होल्ट आणि करंट दोन्ही मोजताना पॅनेलला छोटी मोटर किंवा रेझिस्टर जोडलेला असू दे, नाहीतर आकडा फुगलेला येईल.